रापणीवरचा सिनेमा

तुळशीची लग्नं लागली की आमच्याकडे वारा बदलतो. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे एक कोरडा, गार वारा वाहायला लागतो. आम्ही त्याला मतलई म्हणतो. भात कापून, झोडून झालेलं असतं, खळ्यांत पेंढ्याच्या उडव्या उभ्या असतात, ओल्या मळ्यांत कुळीथ पेरलेला असतो आणि आज या गावची जत्रा तर उद्या त्या गावची, असं सगळ्या सिंधुदुर्गाचं चालू होतं. बाकीच्या जगाला हा हिवाळा असेल. आमच्याकडे थंडी अशी म्हणण्यासारखी पडतच नाही. ऊन तेवढं शहाणं होतं, डोळ्यांवर येत नाही, माणसांच्या चेहऱ्यांवर बेताने बसतं.

परवा पहाटे मतलई सुटली आणि सकाळी स्टुडिओचं शटर वर करते तोवर चार पोरं दारात हजर. एक कुडाळचा, एक पार फोंडाघाटाहून उतरलेला, दोघी इथल्याच, मालवणच्या.

"नंदाताई, लाइट बरो आसा. शूटिंग सुरू करतंव."

मी म्हटलं, "करा की. माका कित्याक सांगतास?" पण मला बरं वाटलं. ही पोरं मला सांगितल्याशिवाय काही सुरू करत नाहीत. मी त्यांना चहा पाजते आणि वर शिव्याही घालते. ड्रोन आकाशात उडवल्याशिवाय त्यांचा एक सिनेमा सुरू होत नाही. माडांच्या शेंड्यांवरून कॅमेरा येतो, खाडी दिसते, समुद्र दिसतो, आणि मग कुठे एकदाचं माणूस दिसतं. अरे, माडाच्या डोक्यावरून जग बघायला तुम्ही काय कावळे आहात? मुलं हसतात आणि पुन्हा तेच करतात.

आता आमच्याकडे दर वर्षी पौषाच्या आसपास नगरपरिषदेच्या सभागृहात आपल्याच मुलांच्या सिनेमांचे दोन दिवस होतात. सावंतवाडी, वेंगुर्ला, कणकवली, सगळीकडून मुलं येतात. कोणी मोबाइलवर केलेला सिनेमा आणतं, कोणी भाड्याच्या कॅमेऱ्यावर. कोणाची आजी नायिका असते, कोणाचा शेजारी खलनायक. मुंबईला न जाता इथेच राहून सिनेमा करायचा, असं ही मुलं आता अगदी साधेपणाने म्हणतात, पोटापाण्याचा दुसरा काही धंदा सांगावा तसं. मी ऐकते आणि मला त्या एका मोसमाची आठवण येते.

तो मोसम आग्नेलचा होता.

आग्नेल देवबागचा. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, तिच्यावर त्याचं घर. बाप बस्त्यांव, गावातल्या रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्याचा म्होरक्या. आई गोव्याकडची, चर्चमध्ये गाणारी. माझ्या वडलांचा बाजारात फोटो स्टुडिओ होता आणि लग्नाचं शूटिंग करायला त्यांनी नवा कॅमेरा घेतला होता, छोट्या कॅसेटवर चालणारा. आग्नेल आमच्याकडे कामाला आला तो या कॅमेऱ्याच्या मोहानेच. मी तेव्हा कॉलेज संपवून वडलांच्या हाताखाली होते. नवरीच्या खोलीत शूटिंगला मला पाठवत, मांडवात आग्नेल असे. घरी आल्यावर आम्ही दोघं कॅसेट बघत बसायचो. नवरदेव, वरमाई, अक्षता हे सगळं सोडून याने भलतंच काही टिपलेलं असायचं. मांडवाच्या मागे एकटीच कांदा चिरत रडणारी एखादी मावशी, किंवा पंगत उठल्यावर पत्रावळी गोळा करणाऱ्या बाईचे हात. वडील डोक्याला हात लावत. "ह्याचे पैसे कोण देतलो?" मला मात्र त्या मावशीवरून नजर काढवत नसे.

आता सांगूनच टाकते, आग्नेल मला आवडायचा. त्याला ते ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. असावं. आमच्याकडे अशा गोष्टी बोलत नाहीत, त्या नुसत्या असतात.

त्या वर्षी मतलई सुटली तशी आग्नेलने जाहीर केलं की आपण सिनेमा करायचा. गोष्ट जुन्या काळातली आणि अगदी एवढीशी. एका बाईचा नवरा होडी घेऊन गेला तो परतलेला नाही. ती रोज किनाऱ्यावर जाते, कोणाशी बोलत नाही, कशाला हात लावत नाही. शेवटी एक दिवस गावची रापण लागते, जाळं जड होतं, सगळा गाव ओढायला धावतो, आणि तीही जाऊन दोर धरते. संपलं. एवढ्यासाठी आग्नेल वर्षभर झोपला नव्हता.

बाईचं काम करायला बाई मिळेना. लग्नात कॅमेऱ्यासमोर नटूनथटून मिरवणाऱ्या बायका सिनेमा म्हटल्यावर पदर तोंडाला लावून पळाल्या. मग आला परशादा. म्हणजे परशुराम, वालावल गावचा शेतकरी. पावसाळाभर शेती करायचा आणि जत्रा सुरू झाल्या की दशावतारात बायकांची सोंगं घ्यायचा. नऊवारी नेसून उभा राहिला की खऱ्या बायका त्याला निरखून बघत. फक्त त्याला हळू बोलता येत नसे. देवळासमोरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जावं अशा आवाजात तो "गेले हो गेले, माझे कुंकू गेले!" म्हणायचा आणि कान झाकून आग्नेल सांगायचा, "परशादा, कॅमेरो हयसर आसा, तुझ्या नाकासमोर. इतक्या आराडतंस कित्याक?"

पहिल्या दिवशी परशादाने देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कॅमेरा चालू करू दिला नाही. देवबागच्या वाळूत नारळ ठेवला, हात जोडले आणि सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! ह्या लेकरांनी जो काय सिनेमाचो खेळ मांडलेलो आसा, तो सुखरूप शेवटाक ने रे म्हाराजा!" आम्ही म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" "बॅटरी मदीच बंद पडत आसात, तर ती चालू ठेव रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज गळ्यात क्रूस घातलेल्या आग्नेलचा.

हे सगळं हसण्यावारी चाललं असलं तरी आग्नेलच्या घरात एक गोष्ट टांगणीला लागली होती. गोव्याच्या मामाने त्याला परदेशी प्रवासी जहाजावर फोटोग्राफरची नोकरी बघितली होती. नाताळ झाला की निघायचं. बस्त्यांवकाका काही बोलत नव्हते. आई मेणबत्त्या लावत होती, त्या जाण्यासाठी की राहण्यासाठी, ते तिचं तिलाच ठाऊक. आग्नेल मला एकदा सड्यावर, कातळाच्या माळावर, बुटक्या काजूंच्या सावलीत जेवणाचा डबा सोडताना म्हणाला, "नंदा, ह्यो सिनेमा पुरो झालो तर मी रवतलंय. हयच रवान करता येता, असा माका एकदा दिसूक व्हया. नाय झालो तर जातलंय."

त्या दिवसापासून मी त्या सिनेमाकडे सिनेमा म्हणून बघितलंच नाही. मला तो पुरा व्हायला हवा होता, बस्स.

बाकीचं सगळं झालं. परशादा हळू बोलायला शिकला. खाडीकाठची पहाट, विहिरीवरच्या बायका, सुकत घातलेली जाळी, सगळं टिपून झालं. राहिली ती शेवटची रापण, आणि सगळा सिनेमा तिच्यावर उभा होता.

ज्यांनी रापण बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. होडीतून एक लांबच लांब जाळं समुद्रात अर्धगोल टाकत नेतात. त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात. मग दोन रांगा करून माणसं ते दोर ओढतात, ओढता ओढता रांगा जवळ येतात आणि जाळं वाळूवर येतं. ओढायला कोणीही लागतं. आणि यातली रीत अशी की कोणी कोणाला बोलवत नाही. ज्याने आपणहून दोराला हात लावला त्याला माशांचा वाटा मिळतो, मग तो वाटेने चाललेला पोस्टमन का असेना. उलट, जाळं ओढलं जात असताना किनाऱ्यावर हाताची घडी घालून उभं राहणं, याच्याइतकं वाईट आमच्याकडे काही दिसत नाही.

तेव्हाही रापणी मोडकळीलाच आल्या होत्या. यंत्राच्या होड्या समुद्र आधीच खरवडून नेत, आणि देवबागची तरणी मुलं पर्यटकांना फिरवायला लागली होती. बस्त्यांवकाकांची रापण चालायची ती म्हाताऱ्यांच्या हट्टावर. जाळ्यात येणार काय, तर मूठभर मासे आणि टोपलीभर शेवाळ. आग्नेलने ठरवलं होतं, मासे नसले तरी चालतील, ओढणारी माणसं दिसली म्हणजे झालं.

त्या सकाळी सगळं जागच्या जागी होतं. कॅमेरा तिकाटण्यावर, मागे आग्नेल. आवाज घ्यायची काठी माझ्या हातात. परशादा नऊवारीत, केसांचा टोप लावून, दूर वाळूत बसलेला. खूण केली की त्याने उठून दोराकडे चालत जायचं. रापणकरांना सांगून ठेवलं होतं की कॅमेऱ्याकडे बघू नका. मतलई वाहत होती. माणसं ओढायला लागली.

आणि जाळं हलेना.

आधी वाटलं, खडकात अडकलं. मग बस्त्यांवकाकांचा आवाज आला, "अरे, बांगडो! बांगडो आसा रे!" किती वर्षांत लागला नव्हता असा बांगडा जाळ्यात लागला होता. पाण्यात जाळ्याच्या आतली बाजू चंदेरी होऊन खळबळत होती. आणि ओढायला माणसं कमी. म्हाताऱ्यांचे पाय वाळूत रुतायला लागले, दोर त्यांच्या हातांतून मागे सरकायला लागला.

मी आग्नेलकडे बघितलं तर कॅमेऱ्यामागे आग्नेल नव्हता. तो जीनची पँट भिजवत बापाच्या मागे दोराला लागला होता. मग मी काठी कुठे टाकली ते मला आठवत नाही. परशादा दूरवरून साडी वर खोचत धावत आला, टोप वाऱ्यावर गेला, आणि दोर धरून वर ओरडतोय, "आग्नेल, अरे कॅमेरो! कॅमेऱ्याकडे कोण आसा?"

"रवांदे रे! आधी ओढ!"

तसं ओढणं मी पुन्हा कधी ओढलं नाही. हाताची सालं गेली. समोर आग्नेलची पाठ, त्याच्यासमोर त्याच्या बापाची, आणि दोघांच्या तोंडून एकाच वेळी निघणारा तो "हेऽऽ यल्ला" असा आवाज. बापाला मागे वळायला सवड नव्हती, पण मागून जोर आला तो कोणाचा हे त्यांना कळलं असावं, कारण ते मध्येच मोठ्याने हसले. बस्त्यांवकाकांना हसताना मी तेवढंच बघितलं.

जाळं वाळूवर आलं. बांगड्यांचा ढीग उसळत होता. वाटे लावले तेव्हा आम्हा तिघांचे तीन वेगळे वाटे काढले, परशादाने आपला पदरात घेतला. बायका त्याला बघून हसून हसून बेजार झाल्या. सगळ्यांत शेवटी, हात धुऊन, आग्नेल कॅमेऱ्याकडे गेला.

कॅमेरा चालूच होता. त्याने सगळं नीट टिपलं होतं. जुन्या काळातली रापण, आणि तिच्यात एक जीनची पँट घातलेला दिग्दर्शक, एक पंजाबी ड्रेसमधली मुलगी, गळ्यात हेडफोन, आणि टक्कल पडलेली विरहिणी. गोष्टीतल्या कामाचा एकही तुकडा त्यात नव्हता.

"परत करूया," मी म्हटलं. आग्नेलने कॅसेट बदलली. आम्ही पुन्हा गेलो, पण दुसऱ्या दिवशी जाळं रिकामं आलं, तिसऱ्या दिवशी माणसंच जमली नाहीत. नाताळचे तारे घराघरांवर लागले तेव्हा रापणीच्या भागीदारांनी बसून ठरवलं की आता पुरे. होडी पर्यटकांसाठी दिली. म्हाताऱ्यांनाही शेवट गोड करूनच उठायचं होतं बहुतेक, आणि बांगड्यांनी तो गोड केला होता. आमचं घोडं मात्र अडलं ते अडलंच.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आग्नेलच्या खळ्यात पांढरी चादर बांधून आम्ही होता तेवढा सिनेमा दाखवला. शेवटी परशादा समुद्राकडे बघत बसलेला आहे, एवढ्यावर तो संपत होता. मग एक म्हातारी पदराने डोळे पुसत आग्नेलला म्हणाली, "म्हणजे तो परत इलोच नाय काय रे?"

"नाय गो माय," आग्नेल म्हणाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं सिनेमा तेवढाच आहे. मला तर नाचावंसं वाटलं. मी त्याला म्हटलं, "बघ, झालो की नाय पुरो?"

"तुमका झालोसो वाटता," तो म्हणाला.

माझ्या मनातून हे अजून जात नाही. सिनेमा खरंच अपुरा होता, की त्याला जायचंच होतं आणि त्याने कारण शोधलं? की त्याला कोणीतरी राहा म्हणायला हवं होतं? दुसऱ्या दिवशी मी बस्त्यांवकाकांकडे गेले. ते जाळं उन्हात पसरत होते, विकायच्या आधी. मी म्हटलं, "काका, तुम्ही एकदा सांगा. तुमचा ऐकतलो तो."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "बाये, दोर धर म्हणान कोणाक सांगूचा नसता. धरणारो आपसूक धरता."

झालं. ती किनाऱ्याची रीत होती आणि तिच्यापुढे मी काय बोलणार? बापाने सांगितलं नाही, आईने सांगितलं नाही, मी तर कोण? तो बसमध्ये चढला त्या सकाळी मतलई वाहत होती आणि आम्ही सगळ्यांनी स्टँडवर उभं राहून त्याला अगदी हसतमुखाने हात केले. परशादा तेवढा मोठ्याने रडला, त्याला हळू काही येतच नसे.

पुढे काय काय झालं. माझं लग्न झालं, मुलं झाली, वडलांच्या मागे स्टुडिओ माझ्याकडे राहिला. चादरीवरचा तो सिनेमा बघितलेलं एक कॉलेजातलं पोर एकदा विचारत आलं, "ताई, कॅमेरो दितास?" दिला. त्याने दोघांना आणलं, त्या दोघांनी आणखी चौघांना. पुढच्या खोलीत मी एक संगणक ठेवला, मग तिथे कोणी ना कोणी सिनेमाचे तुकडे जोडत बसलेलंच असायचं. कोणी कोणाला बोलावलं नाही. जो आपणहून आला आणि कामाला लागला त्याचं नाव सिनेमात. म्हणून आमच्याकडच्या सिनेमांच्या शेवटी नावं संपता संपत नाहीत. भात आणून देणारी काकीही असते आणि शॉट चालू असताना कुत्र्याला धरून बसलेला शेजारीही. बाहेरून आलेले पाहुणे हसतात. हसोत बापडे.

आग्नेलचा फोन नाताळला यायचा. आधी जहाजावरून, सूर्यास्तासमोर उभ्या राहिलेल्या पर्यटकांचे फोटो काढून कंटाळलेला. मग जहाजावरची नोकरी सुटली आणि फोन इंग्लंडातल्या एका गोदामातून यायला लागला. मी इकडचं सांगायचे. यंदा इतके सिनेमे झाले, अमक्याच्या सिनेमाला पुण्यात वाहवा मिळाली. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "मतलई सुटली काय गो?" मी सुटली म्हणायचे. फोनवर न बोलण्याचेही पैसे पडतात, असं म्हणून तोच फोन ठेवायचा.

गेल्या वर्षी तो आला. बस्त्यांवकाका गेल्यानंतर घर पर्यटकांना उतरायला द्यायचं होतं, त्याच्या व्यवस्थेला. केस पांढरे, अंगात जाडसं जाकीट, आणि वाळूतून चालताना जपून टाकलेली पावलं. नेमके आमच्या सिनेमांचे दिवस होते. मी म्हटलं, चल. वाटेत मी एकटीच बोलत होते. सांगत होते, बघ, पोरं आता जात नाहीत रे, हयच रवतत. तो म्हणाला, "बरा झाला."

सभागृहाच्या दारात एक मुलगी पाहुण्यांना फुलं देत होती. आमचीच, देवबागचीच, आग्नेल गेला तेव्हा तिची आई शाळेत जात असेल. तिने त्याच्याकडे बघितलं आणि शाळेत शिकवतात तशा स्वच्छ मराठीत विचारलं, "नमस्कार सर. आपण बाहेरून आलात का? बाहेरच्या पाहुण्यांची बसायची व्यवस्था पुढच्या रांगेत आहे."

मी तोंड उघडलं. अगो, ह्यो तुझ्याच वाडीतलो, एवढंच म्हणायचं होतं मला.

पण आग्नेलने तिच्या हातातलं फूल घेतलं आणि तितक्याच स्वच्छ मराठीत म्हणाला, "होय. बाहेरून."

ती त्याला आदराने पुढे घेऊन गेली. मी मागे, नेहमीच्या माणसांत जाऊन बसले. मला त्याच्या शेजारी बसायचं होतं. दिवे गेले, पडद्यावर देवबागचा किनारा आला आणि आपलं गाव ओळखून सगळं सभागृह ओरडलं. पुढच्या रांगेतला एक माणूस तेवढा पाहुण्यासारखा ताठ बसून होता.